पेटीतले बारा मासे

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली जाळ्यात एकाच आठवड्यात तिसरा वाकड्या पाठीचा मासा आला, तेव्हा मासेमाराने तो ओट्यावर आणून जावयासमोर चिरला.

"हे बघा जावईबापू. कल्ले कसे काळे, चिकट. कलेजी गाठीगाठींची. मांस तेवढं छान. सगळा रोग आत."

तळ्याच्या वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा देण्याचा कारखाना होता. त्याचं पाणी तळ्यात उतरायचं. जावई तिथेच गाडी चालवायचा.

"शहरात सरकारी प्रयोगशाळा आहे, मामा. मी मासे पोचवतो. दोष निघाला तर यांना पाणी सोडता येणार नाही."

"आणि तुमची नोकरी?"

"तळं मेलं तर तुम्ही काय खाल?"

दुसऱ्या दिवशी मासेमाराने बारा मासे धरून बायकोच्या हवाली केले आणि तो जाळं धुवायला गेला. बायकोने बर्फ घालून पेटी भरली. जावयाच्या हातून साहेबांकडे जायची म्हणून बाहेरूनही घासली.

महिन्याने अहवाल आला. पाठवलेल्या मांसात धातू मर्यादेत.

"वाटेत मासे बदललेस!" मासेमार कडाडला. जावईबापूचा एका क्षणात 'तू' झाला.

"मी पेटी उघडलीसुद्धा नाही."

"कारखान्याच्या मिठाला जागलास. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. आणि पोरी, तू याच्याबरोबर गेलीस तर तूही."

लेक नवऱ्याबरोबर गेली. आई दाराशी उभी होती, पण त्या घरात तिला कुणी काही विचारत नसे.

काठावरचे लोक मात्र बोलत. "याच्या गाडीत मासा ठेवू नका, बेडूक होऊन उतरेल!"

पाच वर्षांत तळ्यात मासा उरला नाही. मासेमार दुसऱ्यांच्या होडीवर राबत गेला. शेवटच्या दुखण्यातही त्याने जावयाला आत घेतलं नाही. कारखाना पुढे आपोआप बंद पडला. जावई तो बोल डोक्यावर घेऊनच वारला. अहवालाला चौतीस वर्षं झाली, तेव्हा लेक माहेरी आली.

"आई, खरं सांग. ह्यांनी मासे बदलले असतील का गं?"

"मला काय ठाऊक बाई?" ऐंशीची आई म्हणाली. "माझ्या हातून तर लख्ख गेले होते. साहेबांच्या टेबलावर कुणी घाण पाठवतं का? एकेकाचे कल्ले, आतडी, कलेजी काढून तीन पाण्यांनी धुतले होते मी."