चारचा ठोका

त्या दिवशीही चार वाजले नाहीत. तीन वाजले, साडेतीनचा एक टोला पडला, आणि मग एकदम पाच.

पाच महिने हे असंच चाललं होतं. मनोऱ्यावरच्या घंटेला शहराची अख्खी दुपार बांधलेली. तिचा चारचा तास गळाला आणि शहर पेंगायला लागलं. शाळेत मास्तर फळ्याला टेकून झोपू लागले. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी केली आणि दोघंही पाचपर्यंत घोरत राहिले. त्या तासात नदीसुद्धा जरा हळू वाहते, असं पुलावरचा पहारेकरी शपथेवर सांगे. फोन प्रत्येकाच्या हातात होते, फोनात वेळही होती. पण फोन ज्याचा त्याला जागा करतो, शहराला नाही.

तक्रारींचा ढीग झाला तेव्हा कचेरीनं तपासणीबाईंना धाडलं. बाई बदलून येऊन वर्षच झालं होतं. गटारं, दिवे, छपरं, सगळ्यांवर त्यांची नजर; आणि राग फक्त फोनवर. नवरा जेवताना फोनमध्ये. शिपाई जिना चढताना फोनमध्ये. वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी बेकरीत रात्रपाळी करायची आणि दिवसभर जाड पडदे ओढून पडायची. बाईंशी कधी चार शब्द बोलली नाही, पण दुपारी दाराआड फोनची कुजबुज सुरूच.

मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या चढून बाई वर पोचल्या तेव्हा चारला दहा मिनिटं होती. घंटेच्या हातोड्याला लोकरीची कानटोपी घातलेली होती. खाली स्टुलावर घड्याळवाले काका बसले होते. समोर तेलाच्या डब्याला टेकवलेला फोन. पडद्यावर अंधारी खोली, उशी, आणि उशीवर कुणाचे तरी केस.

"...ढग म्हणाला, भरल्याशिवाय घरी जायचं नाही," काका हळू आवाजात सांगत होते. बाई दिसताच त्यांनी फोन पालथा घातला. "थांबा बाई. ढग आत्ताच डोळे मिटायला लागलाय."

"हे काय चाललंय, काका?"

"लेक आहे. तिकडे मध्यरात्र. गोष्ट सांगितल्याशिवाय झोपत नाही."

"केवढी आहे?"

"अठ्ठावीसची."

बाईंनी कानटोपीकडे बोट केलं. "आणि ही?"

"चारचा ठोका पडला तर ती दचकेल."

"मग घरी जाऊन बोला ना. घंटा वाजू दे की इथं."

"घरून बोललो तरी तिला ऐकू जाईल."

"सात समुद्रांपलीकडे?"

"कान तिखट आहेत तिचे. माझ्यावर गेलेत."

"अहो, फोनला आवाज बंद करायचं बटण असतं."

"त्यानं माझ्याकडचाच आवाज बंद होतो, बाई." काकांनी हातोड्याची टोपी जरा खाली ओढली, थंडीत पोराची ओढावी तशी. "आणि ही घंटा साधी नाही. तिसऱ्या ठोक्याला घसा बसतो तिचा. दुनियेत दुसरी अशी नाही. लहानपणी ती घोगरा ठोका ऐकून हसायची."

बाईंना मनातून वाईट वाटलं. फोननं आणखी एक माणूस खाल्लं, एवढंच त्यांना कळलं. पोरगी तिकडे एकटी, म्हातारा इकडे एकटा, मधे काचेचा एक तुकडा.

"कधी येणार आहे?"

"जाताना अर्धं शहर निरोपाला आलं होतं. मोठी झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणाली." काका तेलाचे हात फडक्याला पुसत राहिले. "मोठी होतेय."

"हे बघा काका, उद्या चार वाजले पाहिजेत. नाही वाजले तर किल्ल्या माझ्या टेबलावर. मनोऱ्यात तुमच्या जागी वीज बसवायचं वर ठरलंच आहे, माझा एक शेरा बाकी आहे."

"एकेचाळीस वर्षं झाली या किल्ल्यांना," काका म्हणाले आणि त्यांनी फोन पुन्हा सुलटा केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्धी रजा टाकली. निकाल स्वतःच्या कानानं ऐकायचा म्हणून त्या आपल्याच घराच्या जिन्यात वही आणि मनगटी घड्याळ घेऊन बसल्या. ऊन मधासारखं घट्ट झालं होतं. समोरच्या भिंतीवर मांजर वितळल्यागत पसरलं होतं. चारला पाच कमी असताना बाईंचेही डोळे जड झाले.

उकाड्यामुळे भाडेकरू पोरीनं आज दार किलकिलं ठेवलं होतं. आत पडदे घट्ट. रोजची कुजबुज. बाई चिडून उठल्या, दार ओढून घ्यायला दोन पायऱ्या चढल्या आणि थबकल्या.

"...ढग रिकाम्या हातानं परत आला," फोनमधला आवाज म्हणत होता, "तर डोंगरानं त्याला विचारलंच नाही, पाऊस कुठाय म्हणून. नुसता जरा सरकला आणि म्हणाला, टेक."

उशीवरच्या केसांतून झोपाळू आवाज आला. "मग टेकला का, बाबा?"

"ते उद्या. तिकडे किती वाजले?"

"रात्रीचा एक," पोरगी म्हणाली. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या पायावर पडलं होतं. तिनं पाय आत घेतला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. चारला एक मिनिट. मग चार. मनोऱ्याकडून वाऱ्याशिवाय काहीही आलं नाही. शहर झोपलं. चार वाजून एक मिनिट झालं.

बाई पाय न वाजवता खाली उतरल्या. वही मांडीवर घेतली आणि टोपण उघडून स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चारचे ठोके स्वतः मोजले. पूर्ण चार. तिसरा जरा घोगरा.'