सुलतानचा डाग

ते १९८३ साल. इवेट न्यूयॉर्कहून बेटावरच्या ग्वायामा गावी मावशीकडे राहायला आली आणि दार उघडताच तिने नाकाला रुमाल लावला.

"मावशी, हा कसला वास गं?"

"सुलतानचा," ओब्दुलिया म्हणाली. "तुझ्या धाकट्या मावशीच्या लाडक्या बोक्याचा. होईल सवय. बस."

घर खरं तर एकच होतं. आई गेली तेव्हा तिला शेवटचा झगा निळा घालायचा की पांढरा, यावरून दोघी बहिणींचं बिनसलं. ओब्दुलियाला निळा हवा होता, तोमासाला पांढरा. त्यानंतर घरात मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. सुताराने ती फरशीवरच्या नक्षीदार फुलावरूनच नेली. अर्धं फूल इकडे, अर्धं तिकडे. मागचं अंगण तेवढं सामायिक राहिलं, कारण पेरूच्या झाडाची वाटणी कशी करायची ते कोणालाच सुचेना.

बोका तोमासाचा, पण घाण करायचा ती ओब्दुलियाकडे, नेमकी आईच्या झुलत्या खुर्चीपाशी. भांडण चर्चपर्यंत गेलं तेव्हा पाद्रीबाबांनी निवाडा दिला होता: ज्याचं जनावर, त्याच्या हाती फडकं.

इवेटने तो सोहळा दुसऱ्याच सकाळी पाहिला. ओब्दुलियाने काठीने भिंत ठोकली.

"ये! तुझ्या राजाने दरबार भरवलाय!"

"आले! ओरडू नकोस, मेलेली माणसं उठतील!"

तोमासा बादली, व्हिनेगर आणि चिरलेलं आंबट संत्रं घेऊन आली. गुडघे टेकून बसली आणि तिने फरशीला नाक लावलं.

"त्याचाच," ती म्हणाली. "पण तू परत अमोनिया लावलायस. किती वेळा सांगू? मांजराला त्यात आपलाच वास येतो. पुन्हा तिथेच येतं ते."

"माझी फरशी, माझा अमोनिया. खिडक्यांच्या काचा पुसायला आणते, उरतो तो लावते."

"बरं, सकाळची गोळी घेतलीस?"

"तू फरशी पूस."

वास बाहेर जावा म्हणून इवेटने सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा उघडल्या; काच एकीलाही नव्हती. तोमासा डागावर सोडा टाकत होती, संत्रं घासत होती, पुन्हा पुसत होती. डाग तळहाताएवढा, पण तिची सकाळ त्यातच गेली. मग तिने खुर्चीची गादी हुंगली आणि ती उन्हात नेऊन टाकली. कॉफी कोणी कोणाला विचारली नाही. ओब्दुलियाने भरलेला कप खुर्चीच्या हातावर ठेवला आणि ती आत निघून गेली. परत आली तेव्हा कप रिकामा होता.

इवेटला हे बघवेना. सत्तरीच्या बाईने गुडघ्यांवर बसून फरशी घासायची? तिने बॅगेतून फवाऱ्याची बाटली काढली.

"यात जंतू असतात, मावशी. चांगले. वास खाऊनच टाकतात."

खरंच, संध्याकाळपर्यंत वास गेला. फरशी कालच बसवल्यासारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी ओब्दुलिया काठी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. भिंतीपलीकडे बादलीची कडी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली.

"आता त्या बोक्याचंच बघते," इवेट म्हणाली. "साखरेच्या गोदामात उंदीर माजलेत. तिथे सोडू त्याला."

तिने अंगणात पिंजरा लावला, आत सार्डिन मासे ठेवले. रोज सकाळी मासे गायब आणि पिंजरा रिकामा.

"लबाड आहे मेला," ओब्दुलिया म्हणाली.

तोमासा मात्र पिंजऱ्यापाशी येऊन रडवेली झाली. "नको नेऊस गं त्याला. या वयात मला दुसरं कोण आहे?"

इवेट ओब्दुलियाकडे वळली. "तू तरी सांग तिला! रोज तक्रार तर तूच करतेस."

"करते. त्याला सोडून ये म्हणून कधी म्हटलं?"

इवेट गल्लीत चौकशीला निघाली. वाणी चेओ म्हणाला, "आत्ताच छपरावरून गेला की!" न्हावी मोदेस्तो म्हणाला, "काल माझ्या खुर्चीत बसला होता. मिशा कोरून मागत होता."

"रंग कसा आहे त्याचा?"

"दुपारी करडा," मोदेस्तो म्हणाला, "आणि संध्याकाळी काळा."

सुट्टी संपली, बोका काही सापडला नाही. निघताना इवेटने बाटली मावशीच्या हातात दिली. "रोज फवार. वचन दे."

"देते," ओब्दुलिया म्हणाली. तिने भाचीचा मुका घेतला आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

टॅक्सी कोपऱ्यावर वळतेय तोच मागून काठीचा आवाज आला.

"ये! तुझ्या राजाने दरबार भरवलाय!"

"आले! आले!"

इवेटने कपाळावर हात मारून घेतला.

पुढे तिने ब्राँक्समध्ये कपडे धुण्याचं दुकान काढलं. चेओच्या दुकानाचं छप्पर वादळात उडालं आणि तो मुलाकडे गेला. मोदेस्तोची नजर अधू झाली, तरी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच जात राहिली. ओब्दुलिया १९९० साली झोपेतच गेली. तोमासाने तिला निळा झगा घातला. त्यानंतर ती रोज सकाळी बादली भरून भिंतीपाशी बसायची. दोन वर्षांनी तीही गेली. घर विकताना भिंत काढली, तेव्हा फवाऱ्याची बाटली वरच्या फळीवर जवळजवळ भरलेलीच सापडली.

आणि सुलतान. तो १९७८ सालीच म्हातारा होऊन मेला होता. पेरूखाली त्याचा खड्डा दोघी बहिणींनी मिळून खणला, एकमेकींशी अवाक्षर न बोलता, आणि आम्ही गल्लीतले सगळे कुंपणापलीकडून बघत होतो.