बाबांचं बोलणं

"दुखत नाही गं अजिबात. तू जेवलीस का?"

पडद्यावर अक्षरं उमटली आणि लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पक्षाघात झाल्यापासून बाबांच्या तोंडून नुसता घोगरा, लांबलचक आवाज यायचा. त्याचा अर्थ लावायला गेलेल्या सगळ्यांनी हात टेकले होते. तिनं नाही. बोलणं ऐकता ऐकता लिहून काढणारी यंत्रणा बनवणं हे तर तिचं रोजचं काम. नोकरीसाठी लांब राहत असताना बाबांना केलेल्या फोनची रेकॉर्डिंग तिच्याकडे होती. ती सगळी तिनं यंत्रणेला ऐकवली. आता बाबांचा आवाज अडखळला, तुटला, तरी वाक्य अडत नव्हतं. पुढे ते काय म्हणतील हे यंत्रणा आधीच ताडायची. ऑफिसातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

आठवडाभर बापलेकीच्या गप्पा रंगल्या. बाबा अगदी फोनवर असायचे तसेच होते. तब्येतीचं विचारलं की विषय बदलणार आणि उलट तिचीच चौकशी करणार. स्वारी काही सुधारायची नाही, असं म्हणून ती हसायची.

नर्सला मात्र चैन नव्हतं.

"ताई, दुखण्याचं इंजेक्शन खरंच बंद ठेवायचं? सारखे कण्हत असतात हो."

"कण्हत नाहीत, बोलतात. तुम्हाला कळत नाही एवढंच," ती जरा तोऱ्यातच म्हणाली. "डॉक्टरांनीही पडद्यावर वाचलंय. ते स्वतःच नको म्हणताहेत, मग आपण कोण टोचणारे?"

नर्स निघून गेली. लेकीनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लेकीचं कौतुक, दुसरं काय! तिलाही भरून आलं.

"बाबा, खरं सांगा हं. काही त्रास होतोय का?"

पडद्यावर लगेच उत्तर उमटू लागलं. ते नंतर वाचू म्हणून ती आधी त्यांचे डोळे पुसायला वाकली. आणि तशीच थांबली. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. खोलीत कसलाच आवाज नव्हता. गळ्यापाशी लावलेला माइक जागेवर नव्हता. तो बाबांच्या चालत्या हाताच्या मुठीत होता, आणि त्याची उपटलेली वायर पलंगावरून खाली लोंबत होती.

तिनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"दुखत नाही गं अजिबात. तू जेवलीस का?"