माहेरचं रक्त

मुलाला मुलगेच आवडतात हे घरात कळलं, त्याच आठवड्यात वडिलांनी पेपरात वाचलं की हे आईकडून येतं. तेव्हापासून ते बायकोला गुरासारखं बडवत होते. आज तर तिला दंडाला धरून त्यांनी थेट ते संशोधन करणाऱ्या बाईंच्या प्रयोगशाळेत ओढत आणलं. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता.

“मॅडम, तुमच्याच तोंडून ऐकवा हिला! आमच्या घराण्यात असलं कधी निपजलं नाही. हिच्याच माहेरचं बेणं ना हे?”

संशोधक बाईंनी त्यांना बाहेर घालवून दार लावलं. त्या तिच्या ओठावरचं रक्त टिपू लागल्या.

“ताई, पेपरवाल्यांनी माझं काम अर्धवट छापलं. यामागे एकच एक जनुक नसतं. थोडं आईकडचं, थोडं वडिलांकडचं, बरंचसं आम्हालाही न कळलेलं. आणि यात दोष कसला? थांबा, आत्ता बोलावते त्यांना आणि तोंडावर सांगते.”

तिने झटकन बाईंचा हात धरला.



“नका हो, मॅडम! माझ्याकडूनच आलंय म्हणा. ह्यांना दोष माझा वाटतोय, तोवरच पोरगा जिवंत आहे.”