थंडीची खोळ

"मला हापूसच हवा!" द्वारकाकाकू रोपवाटिकेत कडाडल्या. अंगणात जागा एकाच झाडाची होती.

"आजी, ही नवी जात घ्या," विक्रेता म्हणाला. "हिला थंडीची गरजच नाही. हापूसला मात्र हिवाळाभर ही विजेवर चालणारी गार खोळ घालावी लागेल, नाहीतर मोहर धरायचा नाही."

"आई, माझ्या जन्माआधीपासून माणसांना एसीची बंदी आहे," सून मृण्मयी म्हणाली, "आणि आपली मोजकी वीज झाडावर घालवायची? थंडीचं एवढं काय कौतुक?"

काकूंचं डोकंच फिरलं. पहाटेची शेकोटी, वर मोहराचा वास, गोधडीतून न निघणारी पोरं, आणि ही विचारतेय काय कौतुक! त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि नमुन्याच्या झाडाच्या खोळीत तिचा हात कोपरापर्यंत खुपसला.

"अगं बाई!" मृण्मयीने हात बाहेर ओढला. "हे काय उठलं अंगावर? केस बघा कसे उभे राहिलेत!"

"अ‍ॅलर्जी असेल, मलम आणतो," म्हणत विक्रेता आत पळाला.

"मेल्यांनो, थंडीचा काटा आहे तो!" काकू ओरडल्या. "अख्खा हिवाळा चोरीला गेला, आणि तुम्ही बिनथंडीची झाडं निवडत बसलात!"

विक्रेता परतला तेव्हा मृण्मयी खांद्यापर्यंत खोळीत शिरली होती.

"ठेव ते मलम," काकू खेकसल्या. "हापूस काढ."

"आणि वीज?" विक्रेत्याने विचारलं.

"घरातले पंखे बंद ठेवू," खोळीतून मृण्मयीचा आवाज आला. "फक्त खोळ जरा मोठी द्या."