जयवंताच्या नावाचा फोटो

ही गोष्ट एकोणीसशे एक्केचाळीस सालची, अकोल्याची. गंगूबाईच्या धाकट्या जावेच्या, जयवंताच्या, डाव्या स्तनात कळ येई. गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्सरे सांगितला, पण परक्या पुरुषापुढं पोलकं काढायला जयवंता तयार होईना.

“राहू दे तुये नखरे. तुया बदली मी जातो,” गंगूबाई म्हणाली, आणि जयवंताचं नाव सांगून स्वतःच यंत्रापुढं उभी राहिली.

एक्सरेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या स्तनात चुन्याचे बारीक पांढरे कण साचले होते. “लक्षण बरं नाही, जयवंताबाई. स्तन काढावा लागेल.”

गंगूबाईनं खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टर चिडले. त्यांनी तिचा दुसरा फोटो तिच्या खऱ्या नावानं काढला. त्यात एकही कण नव्हता.

नर्स कुलसुमबीला हसू आलं. “मशीन बिगडली, सायब. आता मी उभी राहतो. लिवा जयवंता.”

तेच कण निघाले, त्याच जागी. कुलसुमबी पुन्हा हसली नाही.

खुद्द जयवंताचा फोटो काढायला मग कोणी धजलं नाही. दिवाळीआधीच ती गेली. कुलसुमबी नोकरी सोडून बाळापूरला निघून गेली. डॉक्टरांनी यंत्र विकून टाकलं.

गंगूबाई मात्र खूप जगली. पणतीच्या बारशाला ती उशिरा पोचली. पाळण्यात वाकून तिनं पोरीचं नाव विचारलं.

“तुमच्या जावेचंच ठेवलं, आजी,” नातसून कौतुकानं म्हणाली. “आत्यानं कानात सांगतलं बी.”