पाण्यात बसलेला नवरा

जपानहून आल्यापासून इन्ताने पाठ दाबून घेतली नव्हती. आज नववा दिवस. दुपारचे चार वाजले की हा गृहस्थ मागच्या अंगणात जायचा, निळं पिंप कापून केलेल्या टाकीत कढत पाणी ओतायचा आणि गळ्यापर्यंत बुडून बसायचा. डोक्यावर पंचाची घडी. डोळे मिटलेले. घरात बायको आहे की मेली, याची चौकशी नाही.

बायको म्हणजे बुआखाम. चियांगमाईच्या उत्तर वेशीजवळ तिचं मालिशचं दुकान. सहा गाद्या, हाताखाली चार बायका. बँकॉकची माणसं तिच्या अंगठ्यासाठी विमानाने यायची. आणि घरचा माणूस, जो एकेचाळीस वर्षं रोज शेवटचं गिऱ्हाइक उठलं की तिच्यापुढे पालथा पडायचा, तो आता पिंपात.

पाठवलं तिनेच. इन्तासारख्या, भाड्याच्या लाल गाड्या चालवून म्हातारे झालेल्या ड्रायव्हरांची सहल निघाली होती, जपानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला. ऐन थंडीत दुकान सोडता येईना, म्हणून ती राहिली. "जा, कंबर शेकून या," म्हणाली. बरोबर औषधाची पुरचुंडी दिली. आंबेहळद, गवती चहा, कापूर, सगळं स्वतः कुटलेलं. पुरचुंडी तशीच परत आली. गाठसुद्धा सुटली नव्हती.

वर कौतुक. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "तिकडे कुणी तोंड उघडत नाही. समोर डोंगर, डोंगरावर बर्फ, आपण वाफेत. आणि आपल्याकडे? एकीने पाय ओढायचा, दुसरीने कोपर खुपसायचं, माणूस बोंबलतो आणि त्याला आराम म्हणायचं!"

गिऱ्हाइकं हसली. बुआखामही हसली. मग हाताखालच्या माणसाची पोटरी तिने अशी दाबली की तो गादीवरून उठून बसला.

शेजारची नूडलवाली चानसोम कुंपणावरून म्हणाली, "ताई, दादांनी सवत आणली म्हणायची. तीही पाण्याची. झिंज्या उपटायचीसुद्धा सोय नाही."

"तू तुझा रस्सा बघ. खारट असतो."

पण ते लागलं. सहलीला गेलेल्या एका ड्रायव्हरला तिने कॉफी पाजली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे अंग दाबणाऱ्या बायका होत्या का हो?"

"होत्या की. आम्ही सगळे गेलो. इन्ता नाही आला. पाण्यातून उठेचना."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाई असती तर तिचे हात बघितले असते, चुका काढल्या असत्या. पाण्याची कसली चूक काढणार?

नवव्या दिवशी तिने दोन गिऱ्हाइकं दुसरीच्या गळ्यात घातली आणि अंगणात येऊन टाकीपुढे उभी राहिली.

"तिकडे तुम्हाला कुणी दाबलं?"

"कुणी बोटसुद्धा लावलं नाही," इन्ता डोळे न उघडता म्हणाला. "तेच तर बरं वाटलं."

तिचे कान तापले. "उठा. पुसा अंग. आडवे व्हा."

"भिजलेल्या अंगाला तू त्या दिवशी हात लावत नाहीस, पुसलं तरी. अंगात वारा शिरतो. तुझ्या गुरूचा नियम."

ती बघतच राहिली. चार वाजता पाण्यात बसलेला माणूस त्या दिवशी दाबता येत नाही. ही साधी गोष्ट नऊ दिवस तिच्या डोक्यात आली नव्हती.

"म्हणजे मुद्दाम बसता?"

"मुद्दाम."

"एकेचाळीस वर्षं मग काय माझे हात सोसत होता?"

इन्ताने डोळे उघडले. पंचा डोक्यावरून काढून हातात धरला. "अगं, तुझे अंगठे बघ. आल्याच्या गड्ड्यासारखे झालेत. आठ माणसं तुडवून तू माझ्याकडे यायचीस. माझ्या कमरेवर कोपर टेकलं की तुला डुलकी लागायची. मी हलायचो नाही. मनात म्हणायचो, ही बाई मरायला टेकलीय आणि मी पडलोय म्हशीसारखा. नको म्हणायची सोय नव्हती, तू रुसली असतीस. तिकडे पाण्यात बसलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मला बरं वाटतंय आणि त्यासाठी कुणी दमत नाहीये."

कुंपणापलीकडे चानसोमची पळी वाजायची थांबली होती. नऊ दिवस बुआखामच्या मानेत आखडलेली शीर आता खांद्यापर्यंत उतरली होती. तिने ती स्वतःच्याच हाताने चोळली. हात नीट पोचेना.

मग ती बोलली, कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"बावळट आहात तुम्ही. दाबत होते मी त्या आठ जणांना. तुमच्या पाठीवर मी टेकत होते. तुम्ही विसाव्याला विमानात बसून जपानला जाता. माझं विसाव्याचं ठिकाण या घरात एवढंच होतं, आणि तेच तुम्ही नऊ दिवस पाण्यात बुडवून ठेवलंत!"